समुद्रसपाटीखालचं घर

"सातबारा बघितलास का?"

घराचा विषय निघाला की बाबांचा फोनवरचा पहिला प्रश्न हाच. कराडजवळच्या दीड एकरासाठी त्यांनी तलाठी कार्यालयाचे उंबरे झिजवलेत. आधी कागद, मग पैसा, हा त्यांचा नियम. नेदरलँड्समध्ये घर घेताना आम्हाला वाचवलं ते त्यांच्या या नियमानंच.

२०२४ साली आम्ही आम्स्टरडॅमजवळच्या आम्सटलवेनमध्ये भाड्यानं राहत होतो. माझी नोकरी आम्स्टरडॅमला, बायको झ्वोलच्या एका प्रयोगशाळेत. रोजच्या जाण्यायेण्यात तिची इतकी दगदग व्हायची की घरी आल्यावर तिला बोलायचंही त्राण नसायचं. आम्स्टरडॅमच्या आसपास आमच्या पगारात फार तर दोन खोल्यांचा फ्लॅट आला असता. नकाशावर दोन्ही गावांच्या मधे रेल्वेमार्गावर लेलीस्टाड दिसलं. २०१२ च्या डिसेंबरात लेलीस्टाड ते झ्वोल ही नवी लाइन सुरू झाली, तेव्हापासून तिथून झ्वोल अर्ध्या तासावर आलं. आम्स्टरडॅम पाऊण तासाच्या आत होतंच. ऑफिसमधले लोक म्हणायचे, "लेलीस्टाड? तिकडे काय आहे?" तिकडे शांतता होती आणि अंगण असलेली घरं होती. आम्हाला एवढंच हवं होतं.

हे गाव जिथं उभं आहे तिथं पूर्वी समुद्र होता. १९३२ साली मोठा बांध घालून समुद्राचा तो फाटा अडवला, पुढं पंपांनी पाणी उपसलं आणि १९५७ मध्ये ही जमीन कोरडी झाली. पहिली कुटुंबं राहायला आली १९६७ साली. ज्यांनी ही सगळी योजना आखली त्या कॉर्नेलिस लेली यांचं नाव गावाला दिलं. जमीन आजही समुद्रसपाटीच्या सुमारे तीन मीटर खाली आहे. पंप चालू असतात, बांधांची देखभाल होते, आणि त्यासाठी दरवर्षी पाणी मंडळाचा वेगळा कर भरावा लागतो. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "कर भरायचा. चुकवायचा नाही."

घर शोधायचं ते फुंडा नावाच्या साइटवर. तिथं दिसणारी किंमत म्हणजे फक्त सुरुवात. एजंटला इथं माकेलार म्हणतात. विकणाऱ्याचा माकेलार वेगळा, तुमचा वेगळा, आणि तुमच्या माकेलारचे पैसे तुम्ही द्यायचे. घर बघायला वीस मिनिटं मिळतात. त्यानंतर ठरलेल्या दिवशी बंद बोली लावायची. दुसऱ्यानं किती लावली ते तेव्हा कळत नाही.

पहिल्या दोन बोली आम्ही अल्मेरे गावात लावल्या आणि दोन्ही हरलो. दुसऱ्या वेळी आमची रक्कम सगळ्यात मोठी होती, तरी घर गेलं, कारण समोरच्यानं बोलीतून कर्जाची अट काढून टाकली होती. ही अट काय असते ते नीट समजून घ्या. करारात असं लिहिता येतं की अमुक तारखेपर्यंत बँकेनं कर्ज दिलं नाही तर मी दंड न भरता व्यवहारातून बाहेर पडेन. तशीच अट घराच्या तांत्रिक तपासणीचीही घालता येते. अट नसेल आणि कर्ज नाकारलं गेलं, तर किमतीच्या दहा टक्के दंड बसतो. तेव्हा आम्हाला सल्ला देणाऱ्यानंही सुचवलं होतं, "पुढच्या वेळी अट काढा, तुमचं कर्ज होईलच." रात्री आम्ही दोघं बोलत बसलो. बायकोचा करार एका वर्षाचा होता. बाबांचा आवाज कानात होता. अटी ठेवूनच बोली लावायची असं ठरवलं, मग आणखी दहा घरं गेली तरी चालतील.

तिसरं घर लेलीस्टाडच्या सत्तरच्या दशकातल्या वस्तीत. चाळीसारखी एकाला एक लागून दुमजली घरं, गाड्या बाहेरच्या बाजूला, आत फक्त पायवाटा, झाडं आणि सायकलवरची पोरं. या भागातल्या कितीतरी गल्ल्यांना जुन्या शिडांच्या जहाजांची नावं आहेत. कोकणात एखाद्या आळीला गलबत किंवा मचवा म्हणावं तसं. घराच्या नंबरात दोन आकडे, आधी गल्लीच्या भागाचा आणि मग घराचा. पहिल्यांदा जाताना अर्धा तास पत्ताच सापडला नाही.

सांगितलेली किंमत होती ३ लाख ३५ हजार युरो. आम्ही ३ लाख ५२ हजारांची बोली लावली, दोन्ही अटींसह. घर एका वयस्कर बाईंचं होतं, त्या मुलीजवळ राहायला चालल्या होत्या. घर रिकामं करायला त्यांना तीन महिने हवे होते. आम्ही म्हटलं, हवे तेवढे घ्या. आमच्यापेक्षा मोठी बोली आली होती असं नंतर कळलं, पण बाईंनी आम्हाला होकार दिला.

लेखी करारावर सही झाल्यावर खरेदीदाराला तीन दिवस मिळतात. त्या मुदतीत कारण न सांगता माघार घेता येते. आम्ही ते दिवस वाया घालवले नाहीत. शनिवारी रात्री अकरा वाजता त्या गल्लीत जाऊन बाकावर बसलो. तासाभरात दोन सायकली गेल्या आणि कुठलं तरी एक दार वाजलं. बाकी पानांची सळसळ. गावाजवळच्या विमानतळाची चौकशीही केली. तिथून सुट्टीची विमानं सोडायची योजना वर्षानुवर्षं पुढं ढकलली जात होती, हे कळल्यावरच सही कायम ठेवली. शांततेसाठी घर घेताय ना, मग ती शांतता स्वतः जाऊन ऐका. वीस मिनिटांत ती कळत नाही.

मग तपासणी. आलेले गृहस्थ साठीचे, गुडघ्यांना पॅड बांधलेले. दारातलं पायपुसणं त्यांनी बाजूला केलं, तर खाली लाकडी झाकण. ते उचलल्याबरोबर ओल्या वाळूचा वास आला. जमिनीखालच्या त्या बुटक्या पोकळीत ते बॅटरी घेऊन पोटावर सरकत आत गेले. आम्ही दोघं वर श्वास रोखून उभे, आणि खालून त्यांचा आवाज, "पाणी साचलेलं नाही! ओल आहे, पण पाणी नाही!" वर आले तेव्हा कोपरापासून मनगटापर्यंत वाळू, आणि हातात पांढरा शिंपला. तो त्यांनी बायकोच्या हातावर ठेवला. "हा घराबरोबर मिळतो," म्हणाले.

अहवालात दोन गोष्टी निघाल्या. मागच्या सपाट छपराचं आवरण दोन-तीन वर्षांत बदलावं लागणार होतं, आणि एका खिडकीखालच्या फळीत ॲस्बेस्टॉस असावं असा संशय. इथं ॲस्बेस्टॉसवर १९९३ मध्ये बंदी आली, त्यामुळं त्याआधीच्या घरांच्या करारात त्याचं वेगळं कलम असतंच. ते वाचून घाबरू नका, पण न वाचता सहीही करू नका.

खरी घालमेल कर्जाची. बायकोचा करार तात्पुरता, म्हणून बँकेला तिच्या कंपनीचं पत्र हवं होतं, की काम असंच चालू राहिलं तर पुढं नोकरी कायम करू. हे पत्र यायला तीन आठवडे लागले. रोज संध्याकाळी ती रिकाम्या हातानं यायची आणि मी काही विचारायचो नाही. अटीची मुदत सहा आठवड्यांची होती. अट नसती तर ते दिवस ३५ हजार २०० युरोंचा दंड डोक्यावर घेऊन काढावे लागले असते. ज्यांनी ते पत्र रेटून मिळवून दिलं त्या तिच्या कंपनीतल्या वरिष्ठ बाईंचे उपकार आम्ही विसरणार नाही.

पैशांचं गणितही सांगतो, कारण ते आधी कुणी नीट सांगत नाही. बँक कर्ज देते ते फार तर घराच्या मूल्यांकनाइतकं. आमचं मूल्यांकन आलं ३ लाख ४५ हजार, म्हणजे वरचे सात हजार स्वतःचे. खरेदीवरचा कर दोन टक्के. पण पस्तिशीच्या आतल्या माणसानं स्वतः राहायला घर घेतलं, ही माफी आधी वापरलेली नसली आणि घराची किंमत मर्यादेत असली तर त्याच्या वाट्यावर माफी मिळते. २०२४ मध्ये ही मर्यादा ५ लाख १० हजारांची होती. बायको ३३ ची, मी ३६ चा, त्यामुळं कर फक्त माझ्या अर्ध्यावर, ३,५२० युरो. राष्ट्रीय कर्जहमी घेतली, तिचे २०२४ मध्ये कर्जाच्या ०.६ टक्के होते. तिच्यामुळं व्याजदर थोडा कमी मिळतो. नोटारिस (खरेदीचा दस्त करणारा अधिकारी), मूल्यांकन, सल्लागार, माकेलार, तपासणी धरून खिशातून एकवीस-बावीस हजार गेले.

नोटारिसकडे दस्त डच भाषेत वाचला जातो. आमचं डच भाजीबाजारापुरतं, त्यामुळं शपथबद्ध दुभाषा बसवावा लागला, त्याचे पैसे आमचेच. सगळी रक्कम नोटारिसच्या वेगळ्या खात्यातून फिरते. विकणाऱ्याच्या हातात आपण काही देत नाही. हे ऐकून बाबांचा जीव भांड्यात पडला.

त्याच सकाळी घराची शेवटची पाहणी केली, मीटरचे आकडे लिहून घेतले. इथं करारासोबत एक यादी असते, पडदे, दिवे, फरशीवरचं लाकूड यातलं काय राहणार आणि काय जाणार याची. आमच्या यादीत बैठकीच्या खोलीतलं लाकूड "जाणार" मध्ये होतं, आम्ही ते नीट वाचलं नव्हतं. खाली उघडं काँक्रीट. पहिली रात्र सतरंज्यांवर काढली. बाईंनी मात्र यादीत नसलेली एक गोष्ट ठेवली होती, ओट्यावर कुंडीतलं जास्वंद.

जमिनीच्या नोंदी इथं कादास्तर ठेवतं. काही युरो भरून उतारा काढला आणि बाबांना पाठवला. लगेच फोन आला.

"यातलं एक अक्षर कळत नाही. गट नंबर कुठला?"

मी विभाग आणि नंबर सांगितला.

"क्षेत्र?"

"१३२ चौरस मीटर."

"नाव कुणाचं?"

"दोघांचं, बाबा. अर्धं अर्धं."

"थांब," ते म्हणाले. "लिहून घेतो."