कॅलरींच्या हिशेबात वडापाव कसा बसवावा

आपल्याकडे संध्याकाळी स्टेशनबाहेर खाल्लेला वडापाव रात्रीच्या जेवणातून कधीच वजा होत नाही. घरी आल्यावर पानात नेहमीच्याच तीन पोळ्या, भाजी, आमटी आणि भात वाढला जातो, आणि तो वडापाव दिवसाच्या खाण्यात कुठेच न मोजला जाता अंगावर जमा होत राहतो. कॅलरी मोजून खायला लागल्यापासून माझे असे मत होत गेले आहे की वजन वाढण्यात वडापावाच्या तेलापेक्षा या न केलेल्या वजाबाकीचा वाटा मोठा आहे. त्यामुळे बाहेरचे खाणे कायमचे सोडा असे मी कोणाला सांगत नाही. जे खायचे ते जेवणाच्या जागी खावे, जेवणावर खाऊ नये, एवढाच माझा आग्रह असतो, आणि त्यामागचा हिशेब येथे मांडते आहे.

आधी दिवसाची मर्यादा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये भारतीयांच्या गरजेचे जे आकडे दिले, त्यानुसार ५५ किलो वजनाच्या, बैठे काम करणाऱ्या स्त्रीला दिवसाला १,६६० कॅलरी पुरतात आणि ६५ किलो वजनाच्या, तसेच काम करणाऱ्या पुरुषाला २,११०. ज्यांचे वजन, वय किंवा हालचाल वेगळी असेल त्यांचा आकडा अर्थातच वेगळा येईल, पण अंदाज घ्यायला हे पुरेसे आहे. समजा एखाद्या स्त्रीने वजन कमी करण्यासाठी दिवसाला १,४०० कॅलरी ठरवल्या, तर रोजची तूट २६० कॅलरींची होते. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी असे धरले, तर या तुटीने महिन्याला किलोभर वजन कमी व्हायला हवे. एका वडापावात सव्वातीनशेच्या आसपास कॅलरी असतात. म्हणजे रोज एक न मोजलेला वडापाव ती सगळी तूट भरून काढतो आणि वर थोडी शिल्लक ठेवतो. दिवसभर मन मारून खाल्ले तरी काटा का हलत नाही, असे विचारणाऱ्या कित्येक मैत्रिणींच्या प्रश्नाचे उत्तर या साध्या बेरजेत सापडते.

वडापावाचा जन्म साधारणपणे १९६६ मधला मानला जातो आणि दादर स्टेशनबाहेर गाडी लावणाऱ्या अशोक वैद्य यांना त्याचे श्रेय दिले जाते. मुंबईतल्या गिरण्या तेव्हा जोरात चालू होत्या. पाळीला जाता-येता उभ्याउभ्या खाता येईल, खिशाला परवडेल आणि पोटाला आधार देईल असे खाणे कष्टकऱ्यांना हवेच होते. त्याच राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यात जड अंगमेहनत करणाऱ्या पुरुषाची गरज ३,४७० कॅलरी दिलेली आहे, म्हणजे खुर्चीत बसून काम करणाऱ्या पुरुषापेक्षा १,३६० ने जास्त. हा फरक चार वडापावांएवढा आहे. वडापाव आजही जवळजवळ तसाच आहे, पण तो खाणाऱ्यांपैकी बहुतेक जण आता खुर्चीत बसून काम करतात. म्हणून मला वडापावाला अपायकारक म्हणणे पटत नाही. ज्या अंगमेहनतीसाठी तो पुरेसा होता ती आपण करत नाही, एवढेच खरे आहे.

सव्वातीनशे हा आकडा कुठून आला ते सांगते. आमच्या नेहमीच्या गाडीवरचा वडापाव घरी आणून, त्याचे भाग सुटे करून मी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवले. लादीपावाचा एक पाव ४० ग्रॅम भरला आणि वडा ८५ ग्रॅमच्या आसपास. मैद्याच्या पावाच्या शंभर ग्रॅमला सुमारे २७० कॅलरी धरल्या तर पावाच्या ११० होतात. वड्यातल्या साठ ग्रॅम बटाट्याच्या भाजीच्या पन्नास-पंचावन्न कॅलरी, वरच्या पिठाच्या पातळ आवरणातल्या पंधरा ग्रॅम बेसनाच्या तेवढ्याच, आणि उरलेले नऊ-दहा ग्रॅम तेल. तेलाच्या प्रत्येक ग्रॅमला नऊ कॅलरी असल्यामुळे या एवढ्याशा तेलाच्या ऐंशी ते नव्वद होतात. सुक्या लसणीच्या चटणीत खोबरे आणि शेंगदाणे असतात, त्यामुळे तिचा लहान चमचाभर थरसुद्धा पंचवीसच्या घरात जातो. बटाटा, ज्याला सगळे घाबरतात, तो या बेरजेत फार मागे राहतो. पाव आणि तेल हे दोन मोठे खर्च आहेत, आणि वडा आवडणाऱ्याने पाव अर्धा बाजूला ठेवला तर चव जराही न गमावता पन्नासेक कॅलरी वाचतात.

गाडीवर आणखी एक गोष्ट मिळते, ती म्हणजे चुरा. कढईत पीठ सांडून तळले गेलेले ते कुरकुरीत कण खाणाऱ्याला मोफत मिळतात आणि मूठभर पावात भरले जातात. तळणीचा नियम असा की पदार्थ जितका बारीक किंवा पातळ, तितका त्याचा पृष्ठभाग जास्त आणि तितके तो तेल जास्त धरतो. वड्याचे पोट मोठे आणि साल पातळ, म्हणून तो मानाने कमी तेल पितो, आणि चुऱ्याला तर पोटच नसते. ‘दादा, चुरा नको’ हे तीन शब्द मला वडापाव न खाण्याच्या कोणत्याही निश्चयापेक्षा जास्त उपयोगी पडले आहेत. तळलेली मिरची मात्र खुशाल घ्यावी. तिच्यात मोजण्यासारखे फार काही नसते.

मिसळीकडे मी जास्त वेळ देणार आहे, कारण बाहेरच्या खाण्यात तिच्याइतका चांगला पदार्थ मला दुसरा दिसत नाही आणि तिच्याइतका फसवाही दुसरा नाही. चांगली असण्याचे कारण मटकी. मोडाच्या उसळीची दीडशे ग्रॅमची वाटी दीडशे-पावणेदोनशे कॅलरींची असते, तिच्यात प्रथिने आहेत, चोथा आहे, आणि ती पोटात बराच वेळ टिकते. पण पुढचा थर फरसाणाचा. शेव, गाठी, पापडी या सगळ्याच्या शंभर ग्रॅममागे साडेपाचशेच्या आसपास कॅलरी असतात, आणि ताटलीत चाळीस ग्रॅम फरसाण अगदी सहज येते, म्हणजे २२०. मग येते तर्री. सँपलच्या, म्हणजे मिसळीच्या पातळ रश्शाच्या, वाटीवर जो लालभडक थर तरंगतो तो तेलाचा असतो, आणि दोन मोठे चमचे तेल पोटात जायला दोन वाट्या सँपल पुरेशी होते. मोठ्या चमच्याला १२० धरले तर हे २४० झाले. दोन पाव आणखी २२०. एकूण साडेआठशेच्या जवळ पोचतो, म्हणजे १,४०० च्या मर्यादेतला अर्ध्याहून जास्त दिवस एका ताटलीत संपतो. तिसरा पाव आणि गोड ताक किंवा लस्सी यांचा हिशेब यात अजून धरलेलाच नाही.

यावर उपाय ताटली समोर येण्याआधीच करावा लागतो. आम्ही सहसा रविवारी सकाळी ज्या ठिकाणी जातो, तेथे मी फरसाण वेगळ्या वाटीत मागते आणि तर्री कमी सांगते. सुरुवातीला काउंटरवरच्या काकांनी ‘मग मिसळ कसली ती?’ असे विचारले होते. आता ते स्वतःच पातेल्याच्या वरचा तवंग पळीने बाजूला सारून खालचा रस्सा वाढतात, आणि मसाल्याची खरी चव त्या खालच्या रश्शातच उतरलेली असते, असे माझे ठाम मत आहे. अर्धे फरसाण ठेवले की ११० वाचतात, एक मोठा चमचा तेल टाळले की १२०, आणि दोनऐवजी एक पाव खाल्ला की आणखी ११०. तिन्ही मिळून ३४० होतात, म्हणजे एका अख्ख्या वडापावाएवढे, आणि उसळीचा एक दाणाही कमी झालेला नसतो. पाचशे कॅलरींची ही मिसळ सकाळी अकराच्या सुमारास खाल्ली की ती न्याहारी आणि दुपारचे जेवण या दोन्हींच्या जागी धरता येते. दुपारी भूक लागलीच तर ताक आणि काकडी पुरते.

पावभाजीबद्दल थोडक्यात सांगायचे तर भाजीत दोष नाही, दोष लोण्यात आहे. दहा ग्रॅम बटरमध्ये ७२ कॅलरी असतात, आणि तव्यावर भाजीत एकदा, पाव भाजताना दुसऱ्यांदा आणि वाढताना वरून तिसऱ्यांदा असे तीन वेळा ते पडते. शेवटच्या दोन्हींना नकार दिला तरी भाजीची चव जात नाही.

मोठ्या साखळी-हॉटेलांच्या बाबतीत एक सोय आहे, जिचा उपयोग फार थोडे लोक करताना दिसतात. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या नियमानुसार दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या खाद्यगृहांना जुलै २०२२ पासून प्रत्येक पदार्थाच्या कॅलरी मेनूवर छापणे बंधनकारक आहे. अक्षरे बारीक असतात, पण आकडे असतात. ते वाचायला लागले की काही समजुती कोसळतात. मॅकडोनाल्ड्सच्या भारतातल्या तक्त्यात मी पाहिले तेव्हा मॅकआलू टिक्की बर्गर ३४० कॅलरींचा होता, म्हणजे आपल्या वडापावाचाच जुळा भाऊ, आणि व्हेज महाराजा मॅक हा चिकन महाराजा मॅकपेक्षा बराच जास्त कॅलरींचा होता. शाकाहारी म्हणजे हलके, असे मानून मागवणाऱ्यांनी एवढे एकदा पडताळून पाहावे. मोठा फटका मात्र बर्गरचा नसून त्याच्यासोबत गळ्यात पडणाऱ्या गोष्टींचा असतो. मध्यम फ्राइजच्या तीनशेच्या वर कॅलरी आणि ३०० मिलीलिटर कोलाच्या १३० या ‘थोडे पैसे घालून मील करू का?’ या एका प्रश्नाला हो म्हटल्यामुळे येतात. त्या कोल्यात आठ लहान चमचे साखर असते आणि तिने भूक तिळमात्र भागत नाही. नुसता बर्गर आणि पाणी घेतले तर ते ३४० मध्ये आटोपते. फ्रँकी, मोमो, सँडविच यांच्यावर सढळ हाताने ओतल्या जाणाऱ्या मेयॉनीजचेही तसेच आहे. त्याचा एक मोठा चमचा नव्वद-शंभर कॅलरींचा असतो, आणि ते वेगळे मागून स्वतः लावले तर निम्म्यात काम होते.

आता वजाबाकीकडे परत येते. तेल लावलेली मध्यम पोळी १२० कॅलरींच्या आसपास असते, म्हणजे वडापाव सुमारे पावणेतीन पोळ्यांच्या बरोबरीचा आहे. ज्या संध्याकाळी वडापाव खाल्ला, त्या रात्री मी पोळी आणि भात दोन्ही वगळते आणि वाटीभर घट्ट वरण, भरपूर कोशिंबीर आणि एक उकडलेले अंडे किंवा पनीरचे चार तुकडे असे जेवते. असे करण्यामागे कारण आहे. वडापावात पिष्ट आणि तेल भरपूर असले तरी प्रथिने सात-आठ ग्रॅमच असतात, म्हणून दिवसाची प्रथिने रात्री भरून काढावी लागतात, नाहीतर दहा वाजता पुन्हा डबे उघडले जातात. माझ्या सासूबाईंना प्रथम हे विचित्र वाटले. पोळी न खाता उठणारी सून उपाशी राहते, असे त्यांना वाटे. मी त्यांना वडापावाचा हिशेब कागदावर मांडून दाखवला, आणि हल्ली मी ऑफिसमधून निघाल्याचा फोन केला की त्या आधी ‘बाहेर काही खाणार आहेस का?’ असे विचारून मगच कणीक मळतात. घरातल्या स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला आधी कळवणे हा या सगळ्यातला सर्वांत परिणामकारक भाग आहे असे मी मानते, कारण एकदा पोळ्या लाटून झाल्या की त्या कोणीतरी खाल्ल्याच पाहिजेत असा आपल्या घरांचा रिवाज आहे.

आठवड्याचा विचार केला तर मन आणखी मोकळे होते. रोजच्या १,४०० प्रमाणे आठवड्याच्या ९,८०० होतात. त्यात एक वडापाव आणि वर सांगितली तशी एक मिसळ धरली तर दोन्ही मिळून ८३५ होतात, म्हणजे सगळ्या आठवड्याचा जेमतेम बारावा भाग. एवढ्यासाठी कोणी स्वतःला दोषी समजण्याचे कारण नाही. मात्र गाडीवरच्या पदार्थांवर छापील आकडा नसतो, तेव्हा वहीत लिहिताना अंदाज नेहमी वरचा धरावा. मी माझ्या अंदाजात पाचवा हिस्सा मिळवून लिहिते.

मधुमेह असणाऱ्यांनी मात्र नुसत्या कॅलरींवर विसंबू नये. पाव आणि बटाटा एकत्र आले की रक्तातली साखर वेगाने चढते आणि हे कॅलरीच्या आकड्यात दिसत नाही. त्यांच्यासाठी अर्ध्या पावाची मिसळ ही वडापावापेक्षा बरी निवड ठरते, तरीही प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. रक्तदाब असणाऱ्यांनी फरसाण, चटणी आणि साखळी-हॉटेलांतले सॉस यांतल्या मिठाकडे असेच स्वतंत्रपणे पाहावे. आणि लग्नसमारंभामुळे किंवा प्रवासामुळे एखादा दिवस हिशेबाच्या फार पुढे गेलाच, तर दुसऱ्या दिवशी कडकडीत उपास करू नये. त्या उपासाची भूक संध्याकाळी पाच वाजता स्टेशनबाहेरच लागते. दुसऱ्या दिवशी ठरलेल्या १,४०० वरच राहावे आणि वहीचे नवे पान नेहमीच्या न्याहारीने सुरू करावे.