निळी ताडपत्री

शिकागोच्या पश्चिमेला वुडरिज नावाचं उपनगर आहे, तिथे आम्ही राहतो. 20 जून 2021, रविवार. दिवसभर श्रीवर्धनची आठवण यावी असा चिकट उकाडा होता. रात्री अकराच्या सुमारास उशाशी ठेवलेले दोन्ही फोन एकदम किंचाळायला लागले. टोर्नेडो वॉर्निंग, ताबडतोब आसरा घ्या. नवऱ्याने झोपलेल्या मुलाला पांघरुणासकट उचललं आणि आम्ही अनवाणीच बेसमेंटमध्ये धावलो.

जिन्याखाली बसतो न बसतो तोच वीज गेली. मग कानांना दडे बसले, घाट उतरताना बसतात तसे. डोक्यावरून जडजड काहीतरी फरफटत नेल्यासारखा आवाज आला आणि थांबला. दोन मिनिटंसुद्धा झाली नसतील. मुलगा जागाही झाला नाही. मी मात्र पहाटेपर्यंत त्याच्या पाठीवरचा हात काढला नाही.

इथे दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी दहाला वादळाचा इशारा देणारे भोंगे वाजवून तपासतात. नवीन असताना पहिल्यांदा ऐकला तेव्हा छातीत धस्स झालं होतं, पुढे त्याची सवय झाली. पण हे भोंगे घराबाहेर असलेल्यांसाठी असतात. खिडक्या बंद, एसी चालू आणि गाढ झोप असेल तर ते ऐकू येतीलच असं नाही. त्या रात्री आम्हाला फोनने उठवलं.

दुसऱ्या दिवशी वादळाचा माग कळला. नेपरव्हिलमध्ये ते जमिनीला टेकलं, मग वुडरिज, डेरियन, बर रिज करत विलो स्प्रिंग्जकडे गेलं. सुमारे 28 किलोमीटर, बहुतेक दाट वस्ती. वाऱ्याचा अंदाजे सर्वाधिक वेग ताशी 140 मैल, म्हणजे जवळजवळ सव्वादोनशे किलोमीटर. टोर्नेडोची तीव्रता सांगणाऱ्या शून्य ते पाच अशा मोजपट्टीवर प्रतवारी ईएफ-3. ही प्रतवारी वारा मोजून नाही, पडझड बघून ठरते. हवामान खात्याची माणसं गल्लोगल्ली फिरून कुठलं छप्पर उडालं, कुठली भिंत कोसळली ते पाहतात. ही पद्धत बसवणारे फुजिता मूळचे जपानचे आणि शिकागो विद्यापीठातले. आपल्यासारखाच बाहेरून आलेला एक माणूस इथल्या वादळांना मोजमाप देऊन गेला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

हा टोर्नेडो मैदानात दूरवर दिसणारी सोंड नव्हता. गडगडाटी वादळांच्या लांबलचक रांगेत तो झटकन तयार झाला, त्यात रात्र आणि पाऊस. खिडकीतून पाहून काही कळण्याची सोयच नाही. रात्रीचे टोर्नेडो जास्त जीव घेतात ते याचमुळे. इथे 11 जण जखमी झाले. नोंदीत मृत्यूचा आकडा शून्य आहे, आणि सकाळची गल्ली पाहिल्यावर मला त्यावर विश्वास बसेना.

आमच्या कुंपणाच्या चार फळ्या गेल्या होत्या. दोन गल्ल्या पलीकडे एका घराचा वरचा मजलाच नव्हता. पलंग, त्यावरची चादर, भिंतीवरचं घड्याळ, सगळं उघड्यावर. इथली घरं लाकडी सांगाड्याची. थंडी अडवायला भिंतींत भरलेला गुलाबी कापूस उडून उरल्यासुरल्या झाडांना लटकत होता. हवेत ताज्या चिरलेल्या लाकडाचा वास आणि दिवसभर करवतींची घरघर. जुने मेपल मुळांसकट आडवे झालेले. अनोळखी माणसं पाण्याच्या बाटल्या घेऊन दारोदार फिरत होती.

आईचा फोन आला. तिला व्हिडिओवर गल्ली दाखवली. छपरांवर निळ्या ताडपत्र्या चढत होत्या. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अगं, हे तर आपलंच गाव."

3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं, तेव्हा आमची कौलं गेली, सुपारीची वाडी झोपली आणि पावसाळाभर घरावर निळी ताडपत्री होती. मी इथून फक्त फोटो पाहत होते. पण निसर्गाची चाहूल आदल्या दिवसांपासून होती. आईने दागिने, कागदपत्रं डब्यात बांधली, गाय सोडली, शाळेत जाऊन बसली. आम्हाला मिनिटं मिळाली. कोकणातलं वादळ जिल्हे व्यापतं, इथलं एका गल्लीत घर उचकटतं आणि पुढच्या गल्लीत कुंडीही हलवत नाही.

तुमची मुलं नुकतीच इकडे आली असतील तर त्यांना एवढं विचारा. टोर्नेडो वॉच म्हणजे वादळ होण्याजोगी हवा आहे. वॉर्निंग म्हणजे ते दिसलंय किंवा रडारवर सापडलंय, उठा. हा फरक ठाऊक आहे का? रात्री फोनवरचे इशारे बंद तर केले नाहीत ना? बेसमेंट नसेल तर सर्वांत खालच्या मजल्यावरची बिनखिडकीची खोली कुठली?

आणि तिथे बूट ठेवायला सांगा. सकाळी आमच्या अंगणभर काच पडली होती आणि तिघांपैकी एकाच्याही पायात काही नव्हतं. आता जिन्याखाली तीन जोड आहेत. मुलाचा पाय वाढला की आधी तिथला जोड बदलते.