आमची वाटचाल : आधी उतार, मग मोगरा

गच्चीवर बाग आणि बैठक करून देण्याच्या आमच्या कामाला 'टेरेस लँडस्केपिंग' हे नाव पुष्कळ नंतर चिकटलं. 2003 साली मी सुरुवात केली तेव्हा लोक विचारायचे, "म्हणजे माळीकाम ना?" आणि मग माझ्या खांद्यावरून मागे बघत, "साहेब कधी येणार?" साहेब येणार नव्हते. आमचे साहेब तेव्हा बँकेत कॅशियर होते आणि अजूनही त्यांना मोगरा आणि कुंद यातला फरक कळत नाही.

पुण्यात शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयातून बीएस्सी केल्यावर सोलापूर रस्त्यावरच्या एका नर्सरीत मी चार वर्षं रोपं विकली. जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन झालं की माणसं गाड्या भरभरून कुंड्या न्यायची आणि मे महिन्यात तीच माणसं तोंड पाडून परत यायची. "सगळं जळालं हो." नर्सरीवाल्याला त्यात तोटा नसतो, पुन्हा तेच रोप खपतं. मला मात्र वाटायचं, या लोकांच्या गच्चीवर एकदा तरी कुणी जाऊन बघायला हवं.

पहिलं काम नारायण पेठेतल्या काकूंचं. त्यांचा वाडा पाडून तिथे इमारत झाली होती आणि वाटणीत वरची गच्ची त्यांच्याकडे आली होती. काकूंचं दुःख एकच होतं : चैत्रगौरीचं हळदीकुंकू वाड्याच्या चौकात व्हायचं, आता शंभर-सव्वाशे बायका हॉलमध्ये कशा बसवायच्या? "मला चौक करून दे गच्चीत," म्हणाल्या. हातात दिवस चोवीस, बजेट अकरा हजार, त्यातही पाचशे कमी करून मागितले. आजवर मला इतकं स्वच्छ ब्रीफ कुणी दिलेलं नाही.

त्या कामात मामा भेटले. बुरूड आळीतले कारागीर, नात्याने कुणी नव्हेत. सुपं-टोपल्यांचा धंदा बसत चालला होता, म्हणून मंडप-तट्ट्यांची कामं घ्यायचे. कोकणातला माणगा बांबू त्यांना पसंत, कारण तो जवळपास भरीव असतो, आणि तोही थंडीत तोडलेला. पावसाळ्यात तोडलेल्या बांबूत सत्त्व जास्त, त्याला कीड लागते. अंधाऱ्या पक्षातच तोडावा असंही त्यांचं म्हणणं होतं. मी बीएस्सी असल्यामुळे हसले. ते म्हणाले, "ताई, हसा, पण उजेडातला बांबू माझ्याकडे आणू नका." त्यांचा कोयता बघण्यासारखा होता. मूठ इतकी झिजलेली की दुसऱ्या कुणाच्या हातात बसायची नाही. उभा बांबू चिरताना ते पहिला घाव घालून पुढे नुसता मनगटाला हिसका द्यायचे, आणि कांब पेरामागून पेर फाटत जायची. तसला आवाज आता ऐकू येत नाही, आमच्याकडेही कटर आहे.

काकूंच्या गच्चीत मामांनी मांडव घातला, पश्चिमेला जाळीदार तट्ट्या लावला, मी वाळ्याचे पडदे सोडले, कुंभारवाड्यातून आणलेल्या बारा कुंड्यांत मोगरा मांडला आणि कोपऱ्यात तिवईवर माठ. अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी सहा वाजता वारा सुटला. पुण्यात उन्हाळ्यात तो सुटतोच, दुपारी कितीही चाळीशी गाठलेली असो. ओले पडदे हलले, बायका कैरीची डाळ खाता खाता थांबल्या. त्या दिवशी पाच जणींनी नंबर घेतला. त्यातली तीन कामं झाली.

2005 ते 2014 बद्दल सांगण्यासारखं काही नाही. कामं येत गेली, मुलं मोठी झाली, टेम्पो घेतला.

आता बाणेर.

2015 च्या फेब्रुवारीत एका वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटचं काम आलं. अकराशे चौरस फुटांची गच्ची, नवरा-बायको दोघं आयटीत. शनिवारी मित्रमंडळी येतात, बार्बेक्यू करायचं आहे, डेक हवा, लाइट हवेत, वर पर्गोला, म्हणजे खांबांवरचा उघडा मांडव, हवा. आमचं कोटेशन सगळ्याचं होतं. पण त्याच सुमारास एक नवी कंपनी आली होती, काचेचं ऑफिस, थ्रीडी चित्रं, कॉफी विचारणारी मुलगी. नाव घेत नाही. त्यांनी पर्गोला आमच्यापेक्षा साठ हजारांनी स्वस्तात देऊ केला. मालक मला म्हणाले, "मॅडम, बाकी सगळं तुम्हीच करा, पर्गोला तेवढा ते करतील." मी हो म्हटलं. बारा वर्षांच्या अनुभवाने मी हो म्हटलं, याचा राग मला त्या कंपनीपेक्षाही जास्त येतो.

जाणकारांना वेगळं सांगायला नको, पण गच्चीत फरशीखाली विटांचे तुकडे घालून केलेला कोबा असतो आणि वॉटरप्रूफिंगची सगळी भिस्त त्यावर. त्याला भोक पाडणं म्हणजे छत्रीला भोक पाडणं. आमच्या कोटेशनमधल्या पर्गोल्याचे खांब काँक्रीट भरलेल्या जड कुंड्यांत, खालच्या तुळया बघून त्यांच्या डोक्यावर उभे राहणार होते. म्हणून तो महाग होता. त्यांनी काय केलं? चार खांब, प्रत्येकाला बेस प्लेट, प्रत्येक प्लेटला चार अँकर फास्टनर, म्हणजे भोक पाडून आत ठोकायचे बोल्ट. सोळा भोकं. मी त्या दिवशी साइटवर नव्हते. दुसऱ्या दिवशी पाहिलं तेव्हा वर छान टोप्या बसवलेल्या होत्या.

जूनच्या पहिल्या जोरदार पावसात खालच्या फ्लॅटच्या हॉलचं पीओपी सोफ्यावर कोसळलं. माणूस वाचला, सोफा गेला. सोसायटीची नोटीस आली ती मालकांना, आणि मालकांनी बोट दाखवलं ते आमच्याकडे : पाण्याचं काम तुमचं, ठिबक तुमचं, कुंड्या तुमच्या. आमचे दोन लाख चाळीस हजार त्यांच्याकडे अडकलेले होते, ते थांबवले. वर खालच्या फ्लॅटचा खर्च मागितला. काचेच्या ऑफिसातून मेल आला की आमचं स्ट्रक्चर कोरडं आहे, लँडस्केपिंगवाल्यांचा निचरा तपासावा.

निचरा तपासावा! इथे मला माझ्या नळीबद्दल लिहायलाच हवं. नर्सरीतल्या एका म्हाताऱ्या गवंड्याने मला शिकवलेली लेव्हल ट्यूब, तीस फूट पारदर्शक नळी. पाणी भरायचं, एक टोक पन्हाळीपाशी, दुसरं लांबच्या कोपऱ्यात, दोन्हीकडे पाण्याची रेघ एका पातळीत असते आणि तिथून खाली फरशीपर्यंत मोजायचं. नळीत एक बुडबुडा जरी राहिला तरी माप खोटं येतं, म्हणून भरल्यावर ती अंगठ्याने टिचक्या मारत पूर्ण बघायची. आता लेझर आलेत, आमच्या कामावरच्या मुलांकडे आहे, पण भर दुपारी गच्चीत त्याची लाल रेघ दिसत नाही. कामाला हात घालण्याआधी मी बाणेरला बावीस ठिकाणी मापं घेतली होती. दहा फुटांना सव्वा इंच उतार, सगळीकडे. वहीत तारखेसकट लिहिलेलं.

वही दाखवली. मालक म्हणाले, "हे तर तुम्हीच लिहिलंय."

मग मी म्हटलं, पाणी साठवून बघू. पन्हाळी बंद करून गच्चीत दोन इंच पाणी अठ्ठेचाळीस तास धरायचं, खाली ओल येते का बघायचं. ही नेहमीची चाचणी. पण त्याने गळती आहे एवढंच कळतं, कुठून ते कळत नाही. मामा सोबत आले होते. ते म्हणाले, "ताई, नीळ आणा." कपड्यांची नीळ! आम्ही गच्ची कोरडी केली, चारही खांबांच्या बुडाशी मळलेल्या मातीचं कडं घातलं, चार छोटी तळी, आणि त्यांत गडद निळं पाणी ओतलं. आमच्या कुंड्यांखाली साधं पाणी, तेही कडं घालून. रात्रभर मी आणि मामा डेकवर बसून होतो. मामा तंबाखू मळत म्हणाले की बांबू असता तर हे झालं नसतं. झोप नव्हती, भांडायलाही बळ नव्हतं.

सकाळी साडेसहाला खालच्या काकांनी दार उघडलं. छताला, तिसऱ्या खांबाच्या बरोबर खाली, रुपयाएवढा निळा डाग. आठ वाजेपर्यंत तो बशीएवढा झाला. आमच्या कुंड्यांखालचं छत कोरडं ठणठणीत.

आता वाचणाऱ्याला वाटेल, झालं, पैसे आले. काचेच्या ऑफिसातून एक मुलगा आला, डाग बघितला आणि म्हणाला, "नीळ तर तुम्हीच टाकलीत ना मॅडम." मालकांना आमचं पटलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण त्यांनी दोघांनाही अर्धे पैसे द्यायचे ठरवले. त्यांच्या हिशेबाने हा न्याय होता. एक लाख वीस हजार बुडाले. माफी कुणीच मागितली नाही. सोसायटीत मात्र 'गळतीवाली बाई' म्हणून नाव झालं आणि त्या भागातली ठरलेली तीन कामं एका आठवड्यात रद्द झाली.

त्यातच त्या साली धरणं भरली नाहीत. खडकवासल्याच्या साखळीत पाणी कमी, सप्टेंबरपासून पुण्याला दिवसाआड पाणी सुरू झालं. प्यायला पाणी मोजून असताना लॉनला कोण घालणार? आणि कुणी घालू म्हटलं असतं तर मीच नको म्हटलं असतं. पतपेढीचा हप्ता, कामावरच्या दोन मुलांचे पगार, बांगड्या गहाण. टेम्पो विकला. मामांनी त्या हिवाळ्यात चार महिने माझ्याकडून मजुरी घेतली नाही, मंडईत टोपल्या विकून चालवतो म्हणाले. मी हिशेब वहीत ठेवला होता, पुढे फेडला. पण त्यांनी तो मागितला नव्हता हे इथे लिहून ठेवते.

वाचवलं काकूंनी. मार्चमध्ये फोन आला, "अगं, चैत्र आला, तू कुठे आहेस?" मी म्हटलं, काकू, यंदा पाणी नाही. "मग पाणी न लागणारी गच्ची कर." केली. लॉन नाही, हंगामी फुलं नाहीत. बोगनवेल, गवती चहा, अडुळसा, कोरफड आणि जुना मोगरा, तोही धुण्याच्या शेवटच्या पाण्यावर. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना ते दिसलं, आणि त्या उन्हाळ्यात आम्ही 'कमी पाण्याची गच्ची' म्हणून सात कामं केली. आमच्या आजच्या निम्म्या धंद्याचं मूळ त्यात आहे.

कुणी विचारलेलं नाही, तरी सांगते. गच्चीत बैठक करायची तर आधी इंजिनिअरला वजन विचारा. वापरायच्या गच्चीच्या स्लॅबला साधारण चौरस मीटरला दीडशे किलो वजन धरलेलं असतं, आणि फूटभर खोल ओली माती त्याच्या तिपटीहून जास्त भरते. लोक इंटरनेटवर चित्र बघून वाफे बांधायला निघतात. कोकोपीट आणि गांडूळखत जास्त, माती कमी, आणि जड कुंड्या कडेला. पिंपळ-उंबर उगवलेला दिसला तर 'असू दे, शुभ असतो' म्हणू नका, त्याची मुळं कोबा फोडतात. प्लास्टिकचं गवत एप्रिलच्या दुपारी अनवाणी पायाने तुडवून बघा, मग घ्या. पश्चिम बाजू पॉलिकार्बोनेटने बंद करू नका, ऊन अडवायच्या नादात संध्याकाळचा वारा अडतो आणि पाहुणे आत एसीत पळतात. दिवे पिवळसर आणि गुडघ्याच्या उंचीला. पांढरा झोत वरून सोडला की गच्चीचं एसटी स्टँड होतं. मोगरा जानेवारीत छाटा, हात थरथरला तरी छाटा. सिकेटर चांगला घ्या, स्वस्तातला फांदी कापत नाही, चेचतो. आणि कुंड्यांखालच्या थाळ्या आठवड्याला ओता, नाहीतर पार्टी डासांची.

2020 च्या मार्चमध्ये ऐन हंगामात टाळेबंदी लागली, तेव्हा वाटलं आता दुसऱ्यांदा बुडालो. झालं उलटंच. घरात कोंडलेल्या माणसांना पहिल्यांदाच आपल्या गच्चीला दार आहे हे कळलं. जुलैपासून फोन थांबेनात.

मामा आता काम करत नाहीत. गुडघे गेले. त्यांचा भाचा आमच्याकडे आहे, वेल्डिंगही करतो, बांबूही. गच्चीत भोक पाडत नाही.

यंदाही काकूंकडे हळदीकुंकू झालं. त्यांनी पंच्याऐंशी ओलांडली, खुर्चीत बसून सूत्रं हलवतात. त्यांच्या नातीने मोबाइल पुढे केला, "मावशी, हे तुमचं काम ना?" त्या काचेच्या ऑफिसच्या वेबसाइटवर बाणेरची गच्ची. पर्गोला त्यांचा, डेक आमचा, कुंड्या आमच्या, खाली लिहिलंय संकल्पना आणि अंमलबजावणी, आणि त्यापुढे त्यांचं नाव. मी फोटो मोठा केला. डेकच्या कडेला, डावीकडच्या कुंडीमागे, वेटोळं करून ठेवलेली माझी नळी.

काकूंनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. "नळी तुझीच," म्हणाल्या. मग डाळीचा द्रोण माझ्या हातात दिला आणि सांगितलं, जाताना पन्हाळीची जाळी बघून जा, मागच्या पावसात पानं अडकली होती.