निशिकासाईतलं पहिलं वर्ष: बाबागाडी, तोझाई लाइन आणि लेकीच्या नोंदी

आई ठाण्याला परत गेली तेव्हा लेक अकरा आठवड्यांची होती. जपानचा भेटीचा व्हिसा नव्वद दिवसांचा, त्यामुळे बाळंतपण, तेल-मालीश, बारसं हे सगळं त्या नव्वद दिवसांत बसवावं लागलं. आई गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा कामावर गेला आणि घरात आम्ही दोघीच उरलो. लेक रडत होती, आणि तिला घेऊन खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारताना माझ्याही डोळ्यांना धार लागली होती. शेवटी दहा वाजता तिला टोपडं घातलं, छातीशी कॅरिअरमध्ये बांधलं आणि खाली उतरले. कोपऱ्यावरच्या सिग्नलपर्यंत जाईतो ती झोपलीही होती.

त्या दिवसापासून रोज दहाला बाहेर पडायचं ठरवलं. निशिकासाई, कासाई, फुनाबोरी या तोक्योच्या पूर्व टोकाच्या भागात आता पुष्कळ मराठी घरं आहेत आणि दर वर्षी त्यात नवी बाळं येतात. त्यांच्या आयांसाठी हे लिहिते आहे.

आधी रोजच्या फेरीचं गणित. पहिले सहा महिने दोन दुधांच्या मधले दोन तास एवढाच आपला हुकमी वेळ. त्यातला अर्धा तास तयारीत जातो, म्हणून घरापासून वीस मिनिटांच्या चालीतलं ठिकाणच गाठायचं. स्टेशनवर आणि मोठ्या दुकानांत दूध पाजायची खोली असते, तिला ‘ज्युन्यूशित्सु’ म्हणतात. हा शब्द पाठ करून ठेवा. आत पडद्याआड बसायला जागा, डायपर बदलायचं टेबल आणि बहुतेक ठिकाणी पावडरच्या दुधासाठी गरम पाण्याचा नळ असतो. पडद्यापलीकडे बाबांना प्रवेश नसतो, त्यामुळे बाबा एकटे निघणार असतील तर बाटली भरूनच न्यावी. वापरलेला डायपर मात्र बहुतेक वेळा घरी परत आणावा लागतो, कारण रस्त्यावर कचऱ्याचे डबे जवळपास नाहीतच. घट्ट बंद होणाऱ्या पिशव्या औषधांच्या दुकानात मिळतात.

बाबागाडी घेताना इथे ‘ए’ आणि ‘बी’ असे दोन प्रकार दिसतील. ‘ए’मध्ये बाळाला आडवं झोपवता येतं, ती अगदी लहानपणापासून चालते. ‘बी’ हलकी असते, पण बाळ बसू लागल्यावर, साधारण सातव्या महिन्यापासून घ्यायची. आम्ही ‘ए’ घेतली. जिना चढायचा असेल तर ती जड पडते. ट्रेनमध्ये ती मिटवायची गरज नाही. बाबागाडीचं चिन्ह २०१४ मध्ये देशभर ठरवलं गेलं, ते डब्यावर जिथे दिसेल तिथे निःशंक उभं राहायचं. मला हे माहीत नव्हतं, म्हणून पहिले दोन महिने मी एका हातात बाळ आणि दुसऱ्यात मिटलेली गाडी धरून दाराशी अंग चोरून उभी राहत असे. तुम्ही राहू नका.

पहिला लांबचा प्रवास आई असतानाच झाला. लेकीच्या पासपोर्टसाठी भारतीय दूतावासात जायचं होतं. दूतावास कुदानशिता स्टेशनपासून चालत जाण्याजोगा आहे आणि निशिकासाईहून तोझाई लाइनच्या मेट्रोने तिथे थेट जाता येतं. सकाळची तोझाई लाइन म्हणजे माणसांची भिंत, म्हणून साडेदहानंतरची गाडी पकडली. मार्चचा शेवटचा आठवडा होता. दूतावासाच्या शेजारीच चिदोरिगाफुचीचा खंदक आहे, आणि त्याच्या दोन्ही काठांवरची चेरीची झाडं पाण्यावर झुकून फुलली होती. काम आटोपल्यावर तिथे गेलो. आई कठड्याला टेकून कितीतरी वेळ बघत राहिली. मग लेकीच्या कानाशी वाकून म्हणाली, ‘‘बघून घे गं बाई, पुढच्या वेळी मला तूच दाखव.’’ त्या दिवशीचा एकच फोटो नीट आला आहे, त्यात लेक झोपलेली आणि आईच्या केसात एक पाकळी आहे.

फुलांच्या दिवसांत तिथे मुंगीच्या पावलांनी सरकावं लागतं, बाबागाडी अजिबात नेऊ नका. एरवी कुठल्याही स्टेशनवर लिफ्ट नेमक्या कुठल्या एक्झिटला आहे ते निघायच्या आधी नकाशावर बघा. चुकीच्या एक्झिटने वर आलं, तर लिफ्टसाठी अख्खा चौक ओलांडावा लागतो.

परतताना आमची एक चूक झाली. समोर आली ती गाडी पकडली, ती जलद निघाली. तोझाई लाइनवरच्या जलद गाड्या तोयोचोनंतर एकदम उरायासुला थांबतात, निशिकासाई आणि कासाई दोन्ही वगळून. आपलं स्टेशन खिडकीतून मागे गेलं, लेक भुकेने किंचाळायला लागली, आणि उरायासुच्या फलाटावरच्या बाकावर दुपट्याच्या आडोशाने तिला पाजलं. शेजारी बसलेल्या एका आजींनी काही न बोलता आपली छत्री उघडून वाऱ्याच्या बाजूला धरली. नंतर हसून विचारलं, ‘‘नान्-कागेत्सु?’’ म्हणजे किती महिन्यांची. हा प्रश्न तुम्हाला वर्षभर रोज ऐकू येईल. उत्तर जपानीत द्यायला शिका, त्यावरून ओळखी होतात.

आमचं हक्काचं ठिकाण मात्र ग्योसेन पार्क. निशिकासाई स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटं. आत एदोगावा वॉर्डचं छोटं प्राणिसंग्रहालय आहे, प्रवेश फुकट, सोमवारी बंद. रेड पांडा, पेंग्विन, माकडं, आणि शेळ्या-मेंढ्या-गिनिपिगांना हात लावता येईल असा कोपरा. हा कोपरा सकाळी आणि दुपारी ठरावीक वेळीच उघडतो, तेव्हा दाराशी लावलेली पाटी बघून घ्या. चौथ्या महिन्यात लेकीला तिथलं काहीच दिसत नव्हतं, ती फक्त वरच्या पानांची हलणारी सावली बघायची. सहाव्या महिन्यात पेंग्विनच्या काचेपुढे हात नाचवू लागली. आठव्या महिन्यात शेळी ओरडली की ‘में’ म्हणून उत्तर द्यायला लागली, आणि ते मी तिचं पहिलं बोलणं म्हणून वहीत लिहून ठेवलं आहे. एकच जागा पुन्हा पुन्हा बघितली की आपलं मूल किती बदललं ते कळतं. नवी ठिकाणं शोधायच्या हौसेपायी ही जागा सोडू नका. संग्रहालयाला लागूनच एक जपानी बाग आहे, तळ्याकाठी सावली असते. लेक झोपली की मी तिथे डबा खायचे.

तिसऱ्या-चौथ्या महिन्याच्या तपासणीचं पत्र वॉर्डकडून टपालाने आलं. एकाच दुपारी आसपासची सगळी त्याच वयाची बाळं आरोग्य केंद्रात. कपडे काढून वजन, लांबी, मांड्यांचे सांधे, आणि हात धरून बाळाला उठवल्यावर मान सोबत येते का ते बघणं. लेकीची मान धरलेली होती. नर्सने माता-बाल पुस्तिकेत तशी खूण केली. हे पुस्तक, ‘बोशि तेच्यो’, गरोदरपणीच वॉर्ड ऑफिसात मिळतं. १९४८ पासून जपानमधल्या आया ते जपून ठेवत आल्या आहेत. बाहेर पडताना ते आणि बाळाचं वैद्यकीय कार्ड कायम पिशवीत असू द्या. आमच्या लेकीला बागेतच ताप भरला तेव्हा मी घरी न जाता तिथूनच थेट डॉक्टरकडे जाऊ शकले, ते यामुळेच.

लसींचं वेळापत्रक आपल्याकडच्यापेक्षा वेगळं आहे. आपल्याकडे बीसीजी जन्मल्यावर लगेच देतात, इथे पाचव्या ते आठव्या महिन्यात. नऊ सुयांचा शिक्का दंडावर दोनदा उमटवतात. तो बघून माझ्या पोटात गोळा आला होता, लेक मात्र दोन मिनिटांत शांत झाली. गोवर-रुबेलाची लस वर्ष पूर्ण झाल्यावर मिळते, भारतात गोवराची पहिली लस नऊ महिन्यांनाच असते. त्याआधी बाळाला घेऊन भारतात जायचं असेल तर तिकीट काढण्यापूर्वी डॉक्टरांशी बोला.

जूनमध्ये पावसाळा लागला. बागा बंद पडल्यासारख्याच, म्हणून आम्ही कासाई स्टेशनच्या पुलाखालच्या मेट्रो संग्रहालयात जायचो. निशिकासाईहून एकच स्टेशन. मोठ्यांना २२० येन, तान्ह्यांना काही नाही. १९२७ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या भुयारी रेल्वेचा पिवळा डबा तिथे ठेवला आहे. त्या डब्यापुढे चटईच्या तुकड्यावर लेक पहिल्यांदा पालथी पडली. घरी पंधरा दिवस खटपट चालली होती, आणि पडली ती तिथे! ताबडतोब आईला फोन लावला. भारत साडेतीन तास मागे, तिकडे सकाळचे साडेसात वाजले होते. आईने त्याच दिवशी शिरा करून शेजारीपाजारी वाटला.

जुलैत उष्टावण. आईने ठेवून गेलेली चांदीची वाटी काढली. मामा पुण्याहून व्हिडिओवर, आणि त्याच्या वतीने पहिला चमचा भरवला शेजारच्या नाशिकच्या वहिनींच्या यजमानांनी. इथेही पाचव्या-सहाव्या महिन्यात दसपट पाण्यातल्या भाताच्या पेजेनेच सुरुवात करतात, त्यामुळे नर्सला आमचा मऊ भात समजावून सांगावा लागला नाही. पण बाजारातल्या तयार बाटल्यांत बहुधा मासा, कोंबडी किंवा ‘दाशी’, म्हणजे माशाच्या अर्काचं पाणी, असतं. शाकाहारी घरांनी बाहेर जाताना थर्मासमध्ये आपली पेज न्यावी. आणि मध एक वर्षापर्यंत अजिबात नको, बोटाला लावून चाटवणंसुद्धा नाही. २०१७ मध्ये तोक्योतच मध दिलेलं सहा महिन्यांचं बाळ दगावलं. आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना हे पटवणं अवघड जातं, तरी पटवा.

ऑगस्टबद्दल थोडक्यात सांगते, नऊनंतर बाहेर पडू नका. बाबागाडी रस्त्याच्या जवळ असते, तापलेल्या डांबराची धग बाळाला आपल्याहून जास्त लागते. आम्ही सकाळी साडेसहाला फिरून यायचो आणि दिवसा ‘कोसोदाते हिरोबा’त जायचो. ही वॉर्डने चालवलेली खेळायची खोली, लहान मुलं आणि त्यांच्या पालकांसाठी, फुकट. थंडगार, स्वच्छ, खेळण्यांनी भरलेली. आईबाबांशी बोलायला तिथे ताई असतात. माझं तुटकं जपानी त्या ताईंनी वर्षभर न थकता ऐकलं. पहिल्या दिवशी मी दारातून परत फिरले होते, कारण आत सगळ्या जपानी आया गोल करून बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी ताईच बाहेर आल्या आणि लेकीला नावाने हाक मारली. काल दारातल्या वहीत मी लिहिलेलं नाव त्यांनी वाचून ठेवलं होतं. लेक रांगायला लागली ती त्याच खोलीत, लाल बॉलमागे.

ऑक्टोबरमध्ये कासाई रिनकाई पार्कला गेलो. वाऱ्यासाठी जाड जॅकेट घ्या, समुद्र उघडा आहे. तिथल्या मत्स्यालयात मोठ्यांना ७०० येन, बुधवारी बंद, बाबागाडी आत नेता येते. ट्यूना माशांची २,२०० टन पाण्याची गोल टाकी आहे, मासे न थांबता फिरत असतात. लेक वीस मिनिटं हूं की चूं न करता बघत बसली. तेवढा वेळ मी आणि नवरा कितीतरी महिन्यांनी शेजारी शेजारी बसून बोललो.

मग पूल ओलांडून पश्चिमेच्या किनाऱ्यावर गेलो. पूर्वेचा किनारा पक्ष्यांसाठी राखीव आहे, तिथे माणसांना जाता येत नाही. २०१८ मध्ये या किनाऱ्याला महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय ‘रामसर’ यादीत स्थान मिळालं. लेकीचे मोजे काढले आणि पाय वाळूवर टेकवले. तिने ते लगेच वर ओढले, पुन्हा टेकवले, मग बोटं आत रोवली. मी मुरुडच्या वाळूत वाढलेली मुलगी. माझ्या लेकीने समुद्र पहिल्यांदा तोक्योच्या उपसागरात बघितला याचं मला इतके दिवस वाईट वाटत होतं. त्या दुपारी वाटलं नाही.

वाढदिवस संक्रांतीच्या आठवड्यात आला. इथे वर्षाच्या बाळाच्या पाठीवर एक ‘शो’ (जुनं जपानी माप) तांदळाचा, साधारण १.८ किलोचा मोची, म्हणजे चिकट तांदळाचा गोळा, बांधतात. ‘इश्शो’ म्हणजे एक शो, आणि ‘इश्शो’ म्हणजे आयुष्यभर. हिरोबातल्या ताईंनी आग्रह केला म्हणून आम्हीही मागवला. आठवडाभर आधी सांगून ठेवावा लागतो. लेक दोन पावलं चालली, मागे बसली, रडली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दोन दिवसांनी घरी काळी फ्रॉक आणि हलव्याचे दागिने घालून बोरन्हाण केलं. बोरं मिळाली नाहीत. शेंगा आणि हरभरे लहान बाळांच्या घशात अडकतील म्हणून आम्ही ते घेतले नाहीत, फक्त इथल्या भारतीय दुकानातले चुरमुरे. हिरोबातल्या तीन जपानी आया आपापली बाळं घेऊन आल्या होत्या, त्यांनाही लेकीच्या डोक्यावर मूठ मूठ ओतायला सांगितलं. लेकीने सतरंजीवरचा एक चुरमुरा दोन बोटांत पकडला आणि शेजारच्या बाळाच्या तोंडात घातला.

दुसऱ्या दिवशी दहाला आम्ही ग्योसेनला निघालो. फाटकापासून शेळ्यांपर्यंत ती माझं बोट धरून चालली, रिकामी बाबागाडी मी दुसऱ्या हाताने ढकलत होते.