बरोबर खेळी आणि तिचे कारण

सोमवार, रात्री

बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक-प्रणालींची, म्हणजे इंजिनांची, डावपेचांपलीकडची समज तपासणाऱ्या पोझिशनल चाचणीसंचासाठी पटावरच्या स्थिती मिळवणे अवघड नाही. ती संचात टिकवणे अवघड आहे. ग्रँडमास्टरांच्या डावांचा कोणताही मोठा संग्रह उघडला की समीक्षकांनी उद्गारचिन्हे देऊन गौरवलेल्या शांत खेळ्या मुबलक सापडतात. परंतु त्यांपैकी एखादी ‘हेच उत्तर, दुसरे नाही’ असे म्हणून इंजिनापुढे ठेवायची झाली की हात आखडता घ्यावा लागतो. डावपेचांच्या चाचणीत ही अडचण येत नाही. तेथे मात होते किंवा हत्ती पदरात पडतो, आणि उत्तर बरोबर असल्याचे पटावरच दाखवून देता येते. फ्रेड रेनफेल्डच्या ‘विन ॲट चेस’ या पुस्तकावरून बेतलेला ३०० स्थितींचा ‘डब्ल्यूएसी’ संच वर्षानुवर्षे वापरला गेला तो या निर्विवादपणामुळे. आजची बलवान इंजिने त्यातली जवळजवळ सर्व उत्तरे क्षणार्धात देतात, त्यामुळे तो आता इंजिनाच्या पुढच्या खेळ्या धुंडाळण्याच्या शोधप्रक्रियेतला एखादा ढोबळ बिघाड पकडण्यापुरता उरला आहे. शांत स्थितीत मात्र खेळीचे फळ वीस खेळ्यांनंतर दिसते, किंवा प्रतिपक्षाने अचूक बचाव केला तर दिसतच नाही, आणि तरीही ती खेळी योग्यच असते.

इव्हान ब्रात्को आणि डॅनी कोपेक यांनी १९८२ साली मांडलेल्या चाचणीकडे मी या कामात वारंवार वळतो. तिच्यात अवघ्या २४ स्थिती आहेत. १२ डावपेचांच्या आणि १२ प्याद्यांच्या लिव्हरच्या, म्हणजे प्यादे पुढे सारून प्रतिपक्षाच्या प्याद्यांची साखळी मोडण्याच्या. इंजिनाने आपल्या पसंतीच्या चार खेळ्या क्रमाने सांगायच्या, आणि योग्य खेळी पहिल्या क्रमांकावर असेल तर पूर्ण गुण, दुसऱ्यावर असेल तर अर्धा, मग एक-तृतीयांश, मग एक-चतुर्थांश. संच लहान आहे, आजच्या दृष्टीने जुनाही आहे. पण शांत खेळीच्या बाबतीत ‘बरोबर’ आणि ‘चूक’ यांच्यामध्ये पायऱ्या असतात, हे त्याच्या गुणपद्धतीने आरंभीच मान्य केले होते. पुढे आलेल्या ‘स्ट्रॅटेजिक टेस्ट सूट’ने हाच विचार वाढवला. त्यात १५ विषय आणि प्रत्येक विषयाच्या १०० स्थिती आहेत, आणि उत्तम खेळीला १० गुण देऊन तिच्या खालच्या पर्यायांनाही त्यांच्या योग्यतेनुसार कमी गुण दिलेले आहेत. घोड्याचे ठाणे, उंट विरुद्ध घोडा, निरर्थक मारामारी टाळणे, राजाची सक्रियता अशी तिथल्या विषयांची नावे वाचली तरी इंजिनाच्या मूल्यमापनातला नेमका कोणता कोपरा तपासला जात आहे, ते कळते.

बुधवार

आज दिवसभर गाळणी चालू होती. पद्धत ठरलेली आहे: स्थितीत शह नसावा, कोणाचेही मोहरे फुकट पडत नसावे, एकूण मूल्यांकन एका प्याद्याच्या आतबाहेर असावे, आणि मग बलवान इंजिनाला चार-पाच उत्तम खेळ्या एकाच वेळी मागून दीर्घकाळ विचार करू द्यायचा. पहिल्या आणि दुसऱ्या खेळीत पुरेसे अंतर असेल, आणि शोधाची खोली वाढत गेली तरी ते टिकत असेल, तर स्थिती ठेवायची.

कागदावर ही पद्धत निर्दोष दिसते. व्यवहारात ती आपल्याच हेतूच्या विरुद्ध जाते. पहिल्या-दुसऱ्या खेळीत मोठे अंतर पडते ते बहुधा कोठेतरी डावपेच दडलेला असल्यामुळेच. इतर खेळ्यांनी काही खेळ्यांनंतर प्यादे जाते, म्हणून त्या मागे पडतात. खऱ्या अर्थाने शांत असलेल्या स्थितीत तीन-चार खेळ्या एकमेकींपासून दहा सेंटिपॉनच्या आत, म्हणजे एका प्याद्याच्या दशांशाच्या आत, घोळक्याने उभ्या असतात. गाळणीची जाळी बारीक केली की पोझिशनल स्थिती निसटून जातात आणि छुपे डावपेच उरतात. सैल केली की उत्तर एकमेव राहत नाही. संचकर्त्याने या दोहोंपैकी कोणता दोष पत्करायचा ते आधी ठरवलेले बरे. मी दुसरा पत्करला आहे, म्हणजे अनेक उत्तरे आणि चढत्या-उतरत्या गुणांची बाजू घेतली आहे.

करपॉव्हने १९७४ च्या नीस ऑलिंपियाडमध्ये उन्झिकरविरुद्ध खेळलेली चोविसावी खेळी याच कारणाने अजून बाजूच्या फाइलमध्ये पडून आहे. उंट ए७ वर नेऊन त्याने ए पट्टी स्वतःच बंद केली, त्यामुळे काळ्याला हत्तींची मारामारी करून सुटका करून घेता येईना, आणि उंटाच्या आडोशाने पांढऱ्याला आपले हत्ती सवडीने त्या पट्टीवर एकामागे एक उभे करता आले. शिकवण्यासाठी याहून सुंदर उदाहरण क्वचितच मिळेल. परंतु पांढऱ्याचे वर्चस्व त्या जागी इतके मुरलेले आहे की अन्य चांगल्या खेळ्यांनीही ते टिकते, आणि असे असता दुसरी खेळी निवडणाऱ्या इंजिनाला शून्य गुण कोणत्या तोंडाने द्यायचे? प्रसिद्ध खेळी आणि चाचणीयोग्य खेळी यांत पुष्कळ अंतर आहे. झ्युरिच येथे १९५३ साली पेट्रोशियनने रेशेव्हस्कीविरुद्ध हत्ती ई६ वर ठेवून उंटाच्या बदल्यात देऊ केला, कारण घोड्याला ई७ मार्गे डी५ वर पोहोचायचे होते. ती खेळी मला अधिक उपयोगी वाटते, कारण तेथे पर्याय निष्क्रिय आहेत आणि मोहऱ्यांची ठोक किंमत धरून चालणाऱ्या इंजिनाची त्या एका निर्णयात कसोटी लागते. त्या डावात शेवटी बरोबरी झाली, हेही मला शोभून दिसते; पोझिशनल खेळीला विजयाचे प्रमाणपत्र लागत नाही.

शुक्रवार

गुण कोणी ठरवायचे, हा प्रश्न मात्र या सर्वांहून अधिक बोचतो. दुय्यम खेळ्यांना सहा द्यायचे की चार, हे बलवान इंजिनाच्या मूल्यांकनावरून काढले, तर चाचणी इंजिनाला बुद्धिबळ किती कळते हे न मोजता ते त्या बलवान इंजिनाशी किती सहमत आहे एवढेच मोजते. आणि परीक्षकाच्याच घराण्यातले इंजिन परीक्षेला बसले तर विद्यार्थ्याने आपलीच उत्तरपत्रिका तपासल्यासारखे होते. यावर माझा सध्याचा उपाय असा की दोन भिन्न घडणीची इंजिने परीक्षक म्हणून घ्यायची, एक निरुपयोगी फांद्या छाटत खेळ्या तपासणाऱ्या अल्फा-बीटा शोधाचे आणि दुसरे मोठ्या न्यूरल नेटवर्कवर वृक्षशोध करणारे, आणि दोघांचे एकमत नसेल तेथे स्थिती टाकून द्यायची. यात काही उत्तम स्थिती जातात. जाऊ द्याव्यात.

दुसरा उपाय मला अधिक मोलाचा वाटतो, कारण तो खेळीऐवजी तिच्या कारणाला हात घालतो. समजा, पांढऱ्याचा घोडा डी५ वर ठाण मांडू शकतो: काळ्याचे कोणतेही प्यादे त्या घराला हिसका देऊ शकत नाही, आणि काळ्याजवळ उरलेला उंट काळ्या घरांवरचा आहे, त्यामुळे त्याला डी५ या पांढऱ्या घरावर मारा करता येत नाही. येथे घोडा डी५ वर नेणे योग्य. पण ज्या इंजिनाच्या, मोहऱ्यांच्या जागांना ठरीव गुण देणाऱ्या, तक्त्यात ‘घोडा मध्यभागी चांगला’ एवढेच लिहिले आहे, तेही नेमकी हीच खेळी करील आणि पूर्ण गुण घेऊन जाईल. म्हणून मी त्या स्थितीची एक जुळी स्थिती बनवतो. बाकी सर्व तसेच ठेवून काळ्याचा उंट पांढऱ्या घरांवरचा करायचा आणि ई६ वर बसवायचा. आता घोडा डी५ वर गेला की उंट त्याला मारतो, ई प्याद्याने परत मारावे लागते, आणि जे घर घोड्यासाठी राखायचे तेथे आपलेच प्यादे अडकून बसते. योग्य मार्ग आधी त्या उंटाची विल्हेवाट लावण्याचा आहे. गुण जोडीला मिळून द्यायचे: दोन्हीकडे योग्य उत्तर असेल तरच पूर्ण. जुळी बनवल्यावर ती स्वतंत्रपणे तपासावी लागते, कारण एक मोहरे हलवले की पटाच्या दुसऱ्या टोकाला नवा डावपेच उगवतो. काम त्यामुळे दुपटीहून अधिक वाढले आहे, परंतु आंधळ्या तक्त्यावर चालणारी इंजिने आणि खरोखर काही जाणणारी इंजिने यांच्यातली फट प्रथमच स्पष्ट दिसू लागली आहे.

रंगांची अदलाबदल करून घेतलेली प्रतिबिंब-स्थिती ही याहून सोपी तपासणी. पांढऱ्याच्या जागी काळा आणि काळ्याच्या जागी पांढरा ठेवून पट उलटा केला, तर स्थिर मूल्यांकन तेच यायला हवे. येत नसेल तर दोष इंजिनाच्या कोडमध्ये आहे. डावी-उजवी बाजू बदलण्याचा प्रयोग मात्र कॅसलिंगचे (राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलवण्याचे) हक्क संपलेले असतील तरच करावा.

रविवार

आज मोजणीचे नियम लिहून काढले. वेळेऐवजी नोडची, म्हणजे शोधात तपासलेल्या स्थितींच्या संख्येची, मर्यादा, कारण वेळ यंत्रागणिक वेगळी पडते. एकच थ्रेड, म्हणजे गणनेचा एकच धागा, कारण अनेक थ्रेड लावले की तेच इंजिन त्याच स्थितीत एकदा एक आणि एकदा दुसरे उत्तर देते. प्रत्येक स्थितीपूर्वी हॅश, म्हणजे आधी तपासलेल्या स्थितींची साठवण, रिकामा. खेळी मध्येच सापडून पुन्हा सुटली तर ती सापडली असे धरायचे नाही. नेटवर्कवर चालणाऱ्या इंजिनांची एक वेगळी फेरी फक्त एका नोडवर घ्यायची, म्हणजे शोधाचा टेकू काढून घेतल्यावर नुसत्या मूल्यमापनाला काय दिसते ते कळेल. स्टॉकफिश या बलवान इंजिनाने २०२० मध्ये बाराव्या आवृत्तीत एनएनयूई, म्हणजे मूल्यमापनासाठीचे वेगवान छोटे न्यूरल नेटवर्क, स्वीकारल्यापासून मोठ्या नोडसंख्येवर जुने पोझिशनल संच बलवान इंजिनांना फारसे वेगळे काढू शकत नाहीत. फरक दिसतो तो असा टेकू काढल्यावर.

इंजिन किती बलवान आहे हे या संचावरून ठरवू नये, असे प्रस्तावनेत ठळकपणे घालणार आहे. त्यासाठी हजारो डाव आणि संख्याशास्त्रीय कसोटी लागते. कोडमधला बदल लाभाचा आहे का, हे स्टॉकफिशची मंडळी तशाच डावांवरून ठरवतात. संच सांगतो ते एवढेच की अज्ञान कोणत्या विषयात आहे. त्याच कारणाने निम्मा संच प्रसिद्ध न करता हाताशी ठेवणार आहे. सगळा उघड झाला की लोक मूल्यमापनाचे आकडे त्याच स्थितींवर घोटून बसवतात, आणि पुढचे गुण निरर्थक होतात.

राजाची सक्रियता हा विषय राहिला आहे. सात मोहऱ्यांपर्यंतच्या अंतिम स्थितींची निर्णायक उत्तरे टेबलबेसमध्ये, म्हणजे आधीच मोजून ठेवलेल्या निकालांच्या साठ्यात, आहेत, त्यामुळे निदान तेथे परीक्षकाचा वाद नाही. पण टेबलबेसला विजय, बरोबरी, पराजय आणि फार तर तिथपर्यंतचे खेळ्यांचे अंतर एवढेच ठाऊक. जिंकणाऱ्या चार खेळ्यांत राजाची कोणती अधिक शहाणी, याबद्दल ते काही बोलत नाही. म्हणून त्या गटात ज्या स्थितीत राजाची एकच खेळी निकाल वाचवते तेवढ्याच घेणार, आणि आठ-नऊ मोहऱ्यांच्या स्थितींना पुन्हा दोन परीक्षकांची जुनी पद्धत लावणार. उद्यापासून हत्ती-प्याद्यांचे अंत चाळायला घेतो.