हवेत फिरणारं मनगट

फलंदाजांवरून वाद सुरू झाला की आमच्याकडे खिशातून मोबाईल बाहेर येतात. फिरकी गोलंदाजांवरून सुरू झाला की हात बाहेर येतात. सोलापुरात पार्क चौकाच्या बाजूला, ऊन कलल्यावर, चहाच्या गाड्यापाशी हे हमखास बघायला मिळतं. गावसकर की तेंडुलकर म्हटलं की एक जण १०,१२२ आणि १५,९२१ हे आकडे टाकतो, दुसरा ३४ आणि ५१ शतकं काढतो, तिसरा म्हणतो, १२५ कसोट्या कुठे नि २०० कुठे, आधी भागाकार करा. चहा संपेपर्यंत निकाल लागत नाही, पण भांडण कशावर चाललंय ते निदान कळतं.

चंद्रा (म्हणजे चंद्रशेखर) की कुंबळे हा विषय निघाला की मात्र निवृत्त मास्तर असलेले एक काका कप खाली ठेवतात, शेजारच्या गाडीवरचा पेरू उचलतात आणि "हे बघ, अशी सुटायची," म्हणत मनगट उलटं करतात. गाडीवाला ओरडतो, "काका, घ्यायचा असंल तर घ्या, फिरवू नका!"

मला काकांचं पटतं. फलंदाजाचा आकडा एका काळातून दुसऱ्या काळात थोडाफार तरी धड पोहोचतो. ब्रॅडमनची ९९.९४ ही सरासरी कुठेही नेली तरी तिच्याशी कुणी फार वाद घालत नाही. (मी घालतो. त्याच्या ५२ कसोट्या फक्त ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड या दोनच देशांत झाल्या, आपल्याकडच्या धुळीच्या खेळपट्टीवर तो एकही कसोटी खेळला नाही. पण हे गाड्यापाशी बोललं की मला चहा मिळत नाही.) फिरकीपटूचे आकडे असे पोहोचत नाहीत, कारण त्याचे बळी निम्मे त्याच्या बोटांत असतात आणि निम्मे पायाखालच्या मातीत, पंचाच्या बोटात नि नियमांच्या पुस्तकात.

१९५६ साली ओल्ड ट्रॅफर्डवर जिम लेकरने एका कसोटीत ९० धावांत १९ बळी घेतले. तेव्हा खेळपट्ट्या पावसात उघड्या राहायच्या. भिजलेल्या मातीवर ऊन पडू लागलं की ऑफस्पिनरची चांदी. आता चार थेंब पडले की आच्छादनं पसरतात. मग लेकरचे बळी कमी धरायचे का? तसं केलं तर बेदी-प्रसन्नाच्या खात्यात भरही घालावी लागेल. त्यांच्या काळी फलंदाजाने डावा पाय लांब टाकून पॅड पुढे केलं की पायचीतसाठी पंचाचं बोट सहसा वर जायचंच नाही. चेंडू यष्टींवर जाणार हे गोलंदाजाला, यष्टिरक्षकाला, कधीकधी फलंदाजालाही ठाऊक असायचं. पण संशयाचा फायदा पॅडला. डीआरएस, म्हणजे पंचाचा निर्णय कॅमेऱ्यावर तपासायची सोय, आलं आणि पडद्यावर तीन लाल ठिपके दिसू लागले, तसा तो पाय मागे सरला. अश्विनच्या ५३७ बळींपैकी बरेचसे त्या ठिपक्यांच्या काळातले. बेदीच्या २६६ पैकी एकही नाही.

याहून मोठी गोष्ट आकड्यांच्या वादात कुणी बोलतच नाही, ती म्हणजे वाटणी. बेदी २६६, चंद्रशेखर २४२, प्रसन्ना १८९, वेंकटराघवन १५६. बेरीज ८५३. एकट्या मुरलीधरनचे ८००. मुरली एका टोकाकडून दिवसभर टाकत राहायचा आणि दुसरीकडून त्याच्या तोडीचा हिस्सेदार सहसा नसायचा. आपले चौघे एकाच ताटात जेवणारे. तेही इतके, की चौघं मिळून एकच कसोटी खेळले, १९६७ ची बर्मिंगहॅमची. एरवी कुणाला तरी बाहेर बसावं लागायचं. चंद्राला कुंबळेसारखं वर्षानुवर्षं ताट एकट्याचं मिळतं तर? पोलिओने बारीक झालेल्या त्याच हाताने तो जवळजवळ मध्यमगतीच्या वेगाने गुगली टाकायचा. १९७१ ला ओव्हलवर ३८ धावांत ६ घेतले आणि इंग्लंड १०१ मध्ये गारद. फलंदाजीत मात्र कारकिर्दीत धावा १६७, म्हणजे बळींपेक्षा कमी. असा माणूस भागाकारात बसत नाही, त्याला पेरूच लागतो.

म्हणून मी माझ्यापुरता रस्ता काढलाय: फिरकीपटू मोजायचा तो समोरच्या फलंदाजावरून, आणि फलंदाज समोरच्या फिरकीवरून. काळ कुठलाही असो. १९९८ च्या चेन्नई कसोटीत वॉर्नने पहिल्या डावात तेंडुलकरला ४ वर काढलं. दुसऱ्या डावात लेगस्टंपाबाहेरच्या उखडलेल्या मातीत टाकलेले चेंडू तेंडुलकरने मिडविकेटवरून भिरकावले, नाबाद १५५. त्याआधी त्याने लक्ष्मण शिवरामकृष्णनला तशाच मातीत चेंडू टाकायला लावून सराव केला होता. थोर खेळी. तरी मला निवड करायला लावली तर मी १९८७ ची पाकिस्तानविरुद्धची बेंगळुरूची ९६ उचलतो. गावसकर ३७ वर्षांचा, शेवटची कसोटी, तौसीफ आणि इक्बाल कासीमचे चेंडू खेळपट्टीवरून मनाला येईल तसे उडतायत, जिंकायला २२१ हव्यात. आपण १६ धावांनी हरलो. चेन्नईत आपण जिंकलो म्हणून ती खेळी जास्त सांगितली जाते, असं माझं मत आहे. यावर तरुण मंडळी म्हणतात, "काय बोललालाव ओ!"

या तरुणांना गप्प करायला काकांकडे एक हुकमी पान आहे: पॉली उम्रीगर. सोलापुरात वाढलेला, भारताचं कसोटीतलं पहिलं द्विशतक ठोकणारा (१९५५, हैदराबाद, न्यूझीलंडविरुद्ध २२३) आणि गरज पडली की ऑफस्पिनही टाकणारा. पण परवा हेच पान त्यांच्यावर उलटलं. १९५२ च्या फेब्रुवारीत मद्रासला इंग्लंडविरुद्ध उम्रीगरने नाबाद १३० केल्या, मांकडने १२ बळी घेतले आणि भारताने आपली पहिलीवहिली कसोटी जिंकली. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये वेगवान ट्रूमनसमोर त्याच उम्रीगरच्या सात डावांत मिळून ४३ धावा. आणि दहा वर्षांनी वेस्ट इंडिजमध्ये, वेगवान वेस हॉल गोलंदाजी टाकत असताना, पोर्ट ऑफ स्पेनला नाबाद १७२, शिवाय त्याच सामन्यात एका डावात पाच बळी.

"मग तुलनेला कुठला उम्रीगर धरायचा?" मी विचारलं.

काका विचारात पडले. पलीकडून मोबाईलवाला पोरगा म्हणाला, "सगळे धरा की ओ काका, आपल्या गावचंच हाय की!"