नवतपा आणि तीस मिली पाणी

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया मे महिन्यात करून घेऊ नका, असं मला दोघातिघांनी सांगितलं होतं, आणि त्यांचं काही चूक नव्हतं. पण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या बाईला सलग सुटी मिळते ती उन्हाळ्यातच. आमच्या विदर्भात शाळाही उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. तेवढे दिवस हाताशी होते. साखर, बीपी, गुडघे, झोपेत श्वास अडकणं, असं सगळं जमा झाल्यावर नागपूरच्या डॉक्टरांनी 'स्लीव्ह', म्हणजे जठर कापून लहान करण्याची शस्त्रक्रिया, सुचवली होती. ती करावी की नाही, हा ज्याचा त्याचा आणि त्याच्या डॉक्टरचा प्रश्न. मला लिहायचंय ते नंतरच्या पहिल्या दिवसांबद्दल. दवाखाना दीडशे-दोनशे किलोमीटरवर असला की कोणता त्रास गुमान सोसायचा आणि कोणत्यासाठी गाडी काढायची, हेच सगळ्यात आधी कळावं लागतं.

आमच्याकडे जो तो विचारतो, टाके दुखले का. टाक्यांचं फार काही नव्हतं. दुर्बिणीतून, पोटाला पाचेक बारीक छिद्रं पाडून जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग कापून काढतात आणि उरते ती एक अरुंद नळी. हे करायला आत जागा हवी, म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड भरून ते फुगवतात. शेवटी तो वायू काढून घेतात, पण थोडा राहतोच आणि वर चढून श्वासपटलाखाली बसतो. श्वासपटलाची नस मानेतून येते आणि खांद्याची जाणीवही तिथूनच जाते, त्यामुळे त्रास पटलाला असला तरी कळ खांद्यात उठते. शुद्धीवर आल्यावर मी सिस्टरला विचारलं, टेबलावर घेताना माझा खांदा मुरगळला का हो? ती हसली. "गॅस आहे मॅडम. चाला."

एवढंच तिचं औषध, आणि ते लागू पडलं. त्याच संध्याकाळी सलाइनचा स्टँड ढकलत कॉरिडॉरमध्ये फेऱ्या सुरू झाल्या. चाललं की ढेकर येई, खांदा हलका होई. पडून राहिलं की पुन्हा कळ. गरम पाण्याची पिशवी खांद्यावर ठेवली की डोळा लागायचा. चालण्याचं दुसरं कारण पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत हे. त्यासाठी घट्ट मोजे आणि पोटात टोचायची इंजेक्शनंही होती. मे महिन्यात मांडीपर्यंतचे मोजे काय असतात ते ज्यानं घातले त्यालाच ठाऊक. घामोळ्यांनी पाय लाल झाले होते. तरी काढले नाहीत.

तीन गोळ्यांचं एक प्लॅस्टिकचं यंत्र देतात. नळीतून श्वास आत ओढून गोळ्या वर चढवायच्या. मला तो पोरखेळ वाटला होता. पण जड अंगाच्या माणसाची भूल उतरल्यावर फुप्फुसांचा खालचा भाग नीट उघडत नाही, तिथं कफ साचून निमोनिया होऊ शकतो. उशी पोटाशी घट्ट धरून खोकायचं, ही त्याच सिस्टरची शिकवण. ती उशी नंतर गाडीतही कामी आली.

मळमळीनं मात्र पहिली रात्र खाल्ली. पोटात काही नसताना उमाळे येत होते. इंजेक्शन दिलं की दोन-तीन तास बरं जायचं. नव्या नळीला आतून सूज असते, त्यामुळे आपलीच थुंकी गिळली तरी छातीच्या मधोमध अडकल्यासारखं वाटतं आणि तोंडाला फेस येतो. मी वाटी घेऊन थुंकत बसायचे. हे एक-दोन दिवसांत ओसरलं. उलट्या थांबतच नसतील, घोटभर पाणीही टिकत नसेल, तर ते घरी बसून सोसायचं दुखणं नाही, हे निघताना दोनदा बजावलं होतं. पाणी तर कमी पडतंच, शिवाय बी-वन हे जीवनसत्त्व लवकर संपतं आणि त्याचा फटका नसांना बसतो.

घरी यायला समृद्धी महामार्ग सोयीचा होता, धक्केही कमी. पण तासाभरानं उतरून पाय मोकळे करायचे होते आणि समृद्धीवर मनाला येईल तिथं थांबता येत नाही. म्हणून वर्धा-यवतमाळचा रस्ता घेतला. देवळीला उतरले, कळंबला उतरले. सीटबेल्ट आणि पोट यांच्यामध्ये ती उशी. आमचं गाव यवतमाळच्या पुढं. शेवटच्या कच्च्या रस्त्यावर मिस्टरांनी गाडी बैलगाडीच्या चालीनं आणली.

घरची तयारी आधी करून ठेवली होती, तिचा उपयोग पाण्याखालोखाल झाला. अंगणातली बाज बाद, कारण झोळ पडलेल्या बाजेवरून उठताना सगळा जोर पोटावर येतो. तखत घेतला, पाठीशी तीन उशा, म्हणजे अर्धवट बसूनच झोप. उठताना आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मग हाताच्या रेट्यानं वर. संडास देशी पद्धतीचा, त्यात बसणं शक्य नव्हतं. भोक असलेली प्लॅस्टिकची खुर्ची यवतमाळहून आणली. लिहायला लाज वाटते, पण कुणीतरी लिहायलाच हवं. नुसत्या पातळ आहारावर पोट साफ व्हायला तीन-तीन दिवस लागतात, आणि कुंथणं तर नकोच. डॉक्टरांनी दिलेलं सायरप पहिल्यापासून घेतलं म्हणून निभलं.

आता पाणी. माझ्या कागदावर लिहिलं होतं: दर १५ मिनिटांना ३० मिली. गणिताची बाई मी, लगेच मांडलं. तासाला १२०. जागेपणीचे चौदा तास धरले तर १६८० मिली, म्हणजे दिवसाची गरज जेमतेम भागते, तीही एक फेरी न चुकवता. दुपारी दोन तास झोप लागली की २४० मिली गेले, आणि ते नंतर भरून काढता येत नाहीत. एकदम दोन घोट घेतले की छातीच्या हाडामागं असा दाब यायचा की डोळ्यांत पाणी. खोकल्याच्या औषधाचं मोजमापाचं झाकण घेतलं, मोबाइलवर घंटी लावली. माठातलं गार पाणी नळीला सोसत नव्हतं, आवळल्यासारखं व्हायचं. कोमट चालायचं. बाहेर पंचेचाळीस अंश आणि मी कोमट पाणी पितेय! आमच्या सासूबाई दारात बसून बघायच्या. "इतक्या पाण्यानं तं चिमणीचीबी तहान नाई भागत वं माय," त्या म्हणाल्या आणि पदरानं वारा घालत बसल्या.

पाण्याच्या जोडीला वरणाचं वरचं पाणी, मुगाचं कढण फडक्यातून दोनदा गाळून, लोणी काढलेलं पातळ ताक. सगळ्यात मीठ बेताचं, तिखट शून्य. पुढच्या आठवड्यात त्यात प्रथिनांची पावडर मिसळायची परवानगी मिळाली. दिवसाला साठेक ग्रॅम प्रथिनं गाठायची असतात आणि वरणाच्या पाण्यातून ती काही मिळत नाहीत.

भूक लागत नव्हती, हे लोकांना पटत नाही. जठराचा जो भाग काढतात तिथंच भुकेचा संदेश देणारं घ्रेलिन जास्त तयार होतं, त्यामुळे पोट मागत नाही. पण मे महिना म्हणजे वाळवणाचा महिना. अंगणात कुरडया घालायचं चाललेलं, मोठ्या गंजात गव्हाचा चीक शिजतोय, पोट्टे वाट्या घेऊन रांगेत. त्या वासानं मी उशीत तोंड खुपसून रडले. भुकेनं नाही. काहीतरी चावावं, दाताखाली यावं, यासाठी. सासूबाईंना वाटलं, दुखतंय. वाटीभर चीक घेऊन आल्या. "पातळच तं असते. घे घोटभर." नाही म्हणणं जड गेलं, कारण त्यांच्या हिशेबानं त्या बरोबरच होत्या. पण चीक घट्ट, चिकट, नुसता पिठूळ, त्या आठवड्यात नळीत अडकला असता. मिस्टरांनी तो उभ्या उभ्या संपवला.

भेटायला येणाऱ्यांचा त्रास औषधाच्या कागदावर लिहिलेला नसतो. कुणी आंबे आणतं, कुणी रसना, कुणी थंड बाटली. शेजारच्या काकू खाली बसत मोठ्यानं म्हणाल्या, "पोटच कापून टाकलं म्हन्ते, मंग आता जेवन जाईन कुठं?" सगळे हसले, मीही हसले आणि हसण्यानं पोटात कळ आली. आमच्याकडे असं ऑपरेशन झालेले बरेच जण पित्ताशयाचं झालं म्हणून सांगतात. मला ते पटत नाही. खरं सांगितलं की निदान कुणी लाडू भरवत नाही. मिस्टरांनी दाराशी खुर्ची टाकली आणि येणाऱ्याला पाच मिनिटांत बाहेर काढायचं काम स्वतःकडे घेतलं. एरवी फार न बोलणारा माणूस, पण हे त्यांनी झकास केलं.

मग नवतपा लागला. पंचवीस मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो, त्यानंतरचे नऊ दिवस. संध्याकाळी वादळ आलं, तारा पडल्या, लाइट गेली. इन्व्हर्टरनं दहा वाजता मान टाकली. कूलर बंद. घरात भट्टी. मला डोकं हलकं झाल्यासारखं वाटायला लागलं आणि छातीत धडधड. कोरोनात घेतलेलं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर होतं, ते लावलं. ऑक्सिजन ठीक, नाडी ११२. एरवी ऐंशीच्या आसपास असायची.

माझ्या कागदावर धोक्याच्या खुणा मोठ्या अक्षरात होत्या. नाडी सतत १२० च्या वर, ताप, वाढत जाणारी पोटदुखी, धाप, न थांबणाऱ्या उलट्या. यातलं काही आढळलं तर जठराच्या शिवणीतून गळती होत असू शकते, आणि तिथं तासांचा हिशेब असतो. पहिले काही आठवडे ही भीती असते. गंमत अशी की गळतीतही डावा खांदा दुखू शकतो. फरक ओळखायचा तो असा: गॅसची कळ चालल्यावर उतरते आणि रोज कमी होत जाते. गळतीची वाढत जाते, आणि तिच्याबरोबर बहुतेक वेळा नाडी आणि ताप चढतात. ११२ म्हणजे मधलंच काहीतरी.

दवाखान्याचा रात्रीचा नंबर भिंतीवर कोळशानं लिहून ठेवला होता. मोबाइलचं चार्जिंग संपलं तर कुणाच्याही फोनवरून लावता यावा म्हणून. फोनवर तरुण डॉक्टर होते, पण घाई नव्हती त्यांच्या बोलण्यात. ताप किती? नव्व्याण्णव. दुखणं वाढलंय? नाही. धाप? नाही. साखर तपासा. तपासली, ठीक होती. लघवी कधी झाली, रंग कसा? इथं मी अडखळले. दुपारपासून एकदाच, गडद पिवळी. "पाणी कमी पडलंय," ते म्हणाले. ओआरएस पातळ करून घोट घोट घ्या, ओल्या कपड्यानं अंग पुसा, दर अर्ध्या तासाला नाडी लिहून ठेवा. १२० ला पोचली, ताप आला किंवा दुखणं वाढलं तर मला फोन करत बसू नका, निघा.

मिस्टरांनी गाडी वळवून दाराशी तोंड रस्त्याकडं करून लावली. सासूबाई ओलं लुगडं खिडकीवर टांगून त्यावर पाणी मारत होत्या. आम्ही वहीत लिहीत गेलो. ११०, ११२, १०८. पहाटे वारा सुटला तेव्हा ९८. गाडी निघाली ती सकाळी, तालुक्याच्या गावी, सलाइन लावायला.

तिथल्या एका दवाखान्यात सलाइनमध्ये दुखण्याचं इंजेक्शन टाकायला निघाले होते. आपल्याकडं सलाइन लावली की ते आलंच. माझ्या कागदावर स्पष्ट होतं: दुखलं तर पॅरासिटामॉल, डायक्लोफिनॅक-ब्रुफेनच्या जातीचं काही नको, कारण त्यानं शिवणीपाशी जखम होऊन रक्त जाऊ शकतं. मी कागद दाखवला. कंपाउंडरनं आधी कागदाकडं, मग माझ्याकडं पाहिलं आणि सिरिंज बाजूला ठेवली. तो कागद मी त्या दिवसांत उशाखालून हलवला नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवा, घामानं शाई उतरते.

त्यानंतर मी लघवीच्या रंगावर लक्ष ठेवू लागले. फिकट दिसेपर्यंत दुपारी झोपायचं नाही. बसल्या जागी डुलक्या, घंटी वाजली की घोट. मळमळ गेली, खांदा कधी थांबला ते कळलंही नाही. अशक्तपणा मात्र राहिला. सकाळी अंगण झाडायला घेतलं तर चार हातांवर धाप. ते हळूहळूच जातं, त्याला उपाय नाही.

फेरतपासणीला नागपूरला गेले तेव्हा बीपीची एक गोळी बंद झाली. साखरेच्या गोळ्या तर ऑपरेशननंतर लगेचच कमी केल्या होत्या. मऊ वरण-भात मिक्सरमधून काढून घ्यायला सांगितला. पहिल्या दिवशी तीन चमच्यांत गच्च. पित्ताचे खडे होऊ नयेत म्हणून सहा महिन्यांची गोळी, कॅल्शियम, लोह, बी-ट्वेल्व्ह, हे सगळं मागं लागलंय आणि त्यातलं बरंचसं जन्मभर राहणार आहे. तीन महिन्यांनी केस गळतील, असंही सांगून टाकलं त्यांनी.

शाळा उघडली तेव्हा बाटली आणि झाकण टेबलावर ठेवूनच शिकवलं. चौथीतल्या पोरांनी दोन दिवस विचारलं, बाई तुम्ही औषध पिऊन राहिल्या का. मग ३० मिलीच्या घोटांनी लिटर किती वेळात होईल, हे गणितच त्यांना फळ्यावर दिलं. पाच जणांचं बरोबर आलं.